पिशवी काढलेल्या बाईची साखर



तालुक्यातल्या डॉक्टर, परिचारिका आणि आशाताईंच्या राहुरीच्या या परिषदेची अध्यक्ष म्हणून मी आता थेट कामाचं बोलते.

मागच्या महिन्यात ओपीडीत अडतीस वर्षांची एक बाई आली. अंगाने काडी, पण कंबरेला टेप लावली तर 88 सेंटिमीटर. जेवणानंतरची साखर 240. पाळीचं विचारल्यावर पदर सावरत म्हणाली, "पिशवी काढलीया, मॅडम. सहा वर्सं झाली." अंडाशय ठेवले की काढले, तिला ठाऊक नव्हतं. कागद ऊसतोडीच्या टोळीबरोबर फिरताना कुठल्याशा कोपीत, म्हणजे झोपडीत, राहून गेले होते. मग तिने मुलाचा मोबाइल माझ्यापुढे धरला. "ऑक्सिजनच्या पेटीत झोपलं की साखर उतरते म्हणत्यात. खरं का?"

प्रश्न रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं. दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन देणारी ही पेटी पाणबुड्यांच्या आजारासाठी आली. मधुमेही पायाच्या निवडक जखमांवर ती आज वापरतात. पोटावरची चरबी वाढते तशा तिच्या पेशी फुगतात, रक्तवाहिनीपासून लांब पडतात, त्यांना ऑक्सिजन कमी पडतो, दाह सुरू होतो आणि इन्सुलिन जुमानलं जात नाही, अशी एक मांडणी आहे. अ‍ॅडलेडच्या विल्किन्सन आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये दाखवलं की दाबाखालच्या ऑक्सिजनने इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारतो. पण त्यांनी तपासलेले सगळे पुरुष होते, तेही जादा वजनाचे. त्याआधी 2013 मध्ये नेमका उलटा प्रयोग झाला होता. स्थूल पुरुषांना दहा रात्री 15 टक्के ऑक्सिजनच्या विरळ हवेत झोपवलं, आणि त्यांचाही प्रतिसाद सुधारला. वाढवूनही फायदा आणि घटवूनही फायदा! अशा पुराव्यावर पाळी गेलेल्या बाईला कर्ज काढून पेटीत झोपायला सांगणं मला पटत नाही. शिवाय पेटीत कानाचा पडदा दुखावू शकतो, आणि साखरेची औषधं चालू असतील तर साखर एकदम खाली येऊ शकते.

मग काडीसारख्या बाईला मधुमेह का? पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय 22.3. युडकिनांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2. आपण बारीक दिसतो, पण चरबी पोटात दडलेली असते. पाळी थांबली की इस्ट्रोजेन उतरतं, मांड्यांवर साठणारी चरबी पोटाकडे सरकते आणि स्नायू झडतात. साखर जिरवणारं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे स्नायू, तेच रितं होत जातं.

पाळी थांबण्याची ही वेळ पन्नाशीच्या आसपास यावी, पण आपल्या भागात ती सुरीने अलीकडे ओढली जाते. बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांबाबत नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. तिच्या 2019 च्या अहवालात 82,309 महिलांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. याच टोळ्या गळीत हंगामात आपल्या नगर जिल्ह्यातल्या फडांत उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल डोक्यावर, आणि पाळीच्या दिवशी घरी राहिलं तर खाडा. अंडाशय ठेवले तरी पिशवी काढल्यावर रजोनिवृत्ती काही वर्षं आधी येण्याचा धोका वाढतो. दोन्ही अंडाशयही काढले तर ती टेबलावरच येते. तरीही आपल्या केसपेपरवर नुसतं 'हिस्टरेक्टॉमी' असतं. पुढे मधुमेह, हृदय आणि हाडं यांसाठी तिला कोण बोलावतं?

ओपीडीतल्या त्या बाईला ऑक्सिजनचा हिशेब मी वेगळ्या मार्गाने समजावला. तिचं हिमोग्लोबिन 8 होतं. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण 1.34 मिलिलिटर ऑक्सिजन वाहतं. ते 8 चं 12 झालं तर दर 100 मिलिलिटर रक्तात पाच मिलिलिटरहून जास्त ऑक्सिजन वाढतो. तिप्पट दाबाच्या पेटीत शुद्ध ऑक्सिजन घेतला तर रक्तरसात विरघळणारा ऑक्सिजन सहा मिलिलिटरच्या आसपास, आणि तोही बाहेर येईपर्यंतच. लोहाने इन्सुलिनचा प्रतिरोध जातो, असं मी म्हणत नाही. पण जी बाई हंडा उचलताना धापा टाकते, तिला चाला, उठाबशा काढा असं सांगणं निष्ठुरपणाचं आहे. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता साखर ओढून घेतो, आणि त्याला आधी रक्त हवं. एक खबरदारी घ्या. लोहाची कमतरता असेल तर एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) खोटं चढलेलं दिसू शकतं, म्हणून रक्तातली साखर प्रत्यक्ष तपासा.

तिला लोह, मेटफॉर्मिन आणि रोजच्या जेवणात मटकी, हुलगा, जमेल तेव्हा अंडं, असं लिहून दिलं. पाण्याच्या दोन बाटल्या उचलायचा व्यायाम माझ्यासमोर करून घेतला. तिसऱ्या उचलीला तिचे हात थरथरले.

माझी मागणी आहे की आपल्या तालुक्यात यापुढे प्रत्येक बाईच्या केसपेपरवर पिशवी कोणत्या वर्षी काढली, अंडाशय आहेत का आणि कंबर किती, हे लिहिलं जावं. आणि यंदा कारखान्याचं गाळप सुरू झालं की कोप्यांवर तपासणी ठेवू. सकाळी दहाला जाऊन उपयोग नाही, तेव्हा बाया फडात असतात. मोळ्या भरून झाल्यावर, चुली पेटायच्या वेळेला जावं लागेल. टेप, ग्लुकोमीटर आणि बॅटरी मी आणते. सोबत कोण कोण येणार, त्यांनी दारातल्या वहीत आजच नाव लिहावं.