बेंजोचा वेग आणि धवल्याचे शब्द



ज्या लोकसंगीताला नभोवाणीने घरोघर पोहोचविले, त्यात अमेरिकेतील केंटकीच्या बिल मन्रो यांच्या ‘ब्लूग्रास’ची गणना अवश्य करावी लागते. १९३९ साली ते नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कार्यक्रमात गाऊ लागले. आणि १९४५ च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज हा तरुण पाच तारांचा बेंजो घेऊन त्यांच्या ताफ्यात दाखल झाला, तेव्हा अंगठा व दोन बोटे यांच्या त्वरित आघातांनी त्या संगीताला आजचा वेग आला. परंतु वेगाखालचा मजकूर किती काळाकुट्ट! याच धाटणीच्या स्टॅन्ली बंधूंनी गायिलेल्या ‘प्रिटी पॉली’ या गीतात प्रियकर मुलीला फूस लावून डोंगरात नेतो, आणि तिचा खड्डा त्याने आदल्या रात्रीच खणून ठेवलेला असतो. वाद्ये मात्र दुःखासाठी क्षणभरही थांबत नाहीत, म्हणूनच ते दुःख अधिक झोंबते.

आमच्या वसईत, होळी या भागापासून पाचूबंदरापर्यंत, हळदीच्या रात्री वाजणारा बेंजो निराळ्या कुळीचा. जपानी ताइशोगोतोचा तो वंशज. लाकडी पेटी, वर टंकलेखन यंत्रासारखी बटणे, डाव्या हाताने ती दाबावयाची आणि उजव्या हातातील नखीने पोलादी तारा छेडावयाच्या. त्याला विजेचा कर्णा जोडला की सूर किंचित फाटतो, त्याला धार येते. या धारेविषयी प्रतिष्ठित मंडळींची तक्रार असते; मला ती मुळीच मान्य नाही. परंपरेने नव्या यंत्राला मुभा दिली नाही, तर तिला श्रोता कोठून मिळावा?

माझी तक्रार वेगळी आहे. हळदीला वाजविणाऱ्या ताफ्यात, म्हणजे बेंजो पार्टीत, चाल उरली, शब्द गेले. आगरी, कोळी आणि वारली लग्नांत धवले, म्हणजे लग्नाची पारंपरिक गीते, गाणारी स्त्री ती धवलारीण. लेकीचे माहेर सुटण्याची व्यथा तिच्या कंठातून जशी उमटते, तशी ती बटणांतून उमटत नाही, आणि शब्दांवाचून ती धार केवळ कानठळ्या बसविते. यास्तव बेंजो पार्टीच्या चालकांना माझी कळकळीची विनंती आहे की, हळदीच्या रात्री चित्रपटातील गीतांना सुरुवात होण्यापूर्वी त्यांनी गावातील वृद्ध धवलारणीस सन्मानाने ध्वनिक्षेपकापाशी बसवावे, तिच्या पट्टीत तारा लावाव्यात, आणि एक धवला तरी अथपासून इतिपर्यंत तिच्या गळ्याबरोबर वाजवावा.