श्वासाची परीक्षा
(गणेशोत्सवातील आरोग्यविषयक भाषण)



मी डॉक्टर नाही, दम्याचा जुना रुग्ण आहे. स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकण्याची तपासणी, मी बऱ्याचदा करून घेतली आहे. त्या अनुभवावरून चार शब्द बोलतो.

रक्तदाब मोजताना आपण नुसते बसून राहतो. इथे मात्र आपण जितके फुंकू तितकेच यंत्र दाखवणार! म्हणून निम्मी तयारी आपली.

पहिला प्रश्न पंपाचा. श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध ताजे असेल, तर दमा असूनही अहवाल चांगला येऊ शकतो. म्हणून निदानासाठी तपासणी असल्यास साल्ब्युटामॉलचा पंप साधारण ४ ते ६ तास आणि फॉर्मोटेरॉलसारखे लांब पल्ल्याचे औषध २४ तास आधी थांबवायला सांगतात. उलट, चालू उपचारांचा गुण पाहायचा असेल, तर औषध नेहमीप्रमाणे घ्यायचे असते. तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही बंद करू नका. आणि दम लागलाच, तर खुशाल पंप घ्या, घेतल्याची वेळ तेवढी सांगा. तपासणी पुन्हा करता येते, जिवाशी खेळ नको.

आधी तासभर धूम्रपान व व्यायाम टाळा. मोदकांवर ताव मारून जाऊ नका, कपडे सैल घाला. आपल्या चेन्नईची फिल्टर कॉफीसुद्धा विचारूनच घ्या, कारण कॅफिननेही श्वासनलिका किंचित मोकळ्या होतात. कवळी घट्ट बसत असेल तर राहू द्या. नुकतीच डोळ्याची, पोटाची वा छातीची शस्त्रक्रिया किंवा हृदयविकाराचा झटका झाला असेल, तर आधीच सांगा.

नाकाला चिमटा लावतात. छाती भरून श्वास घ्यायचा, ओठ नळीभोवती घट्ट मिटायचे आणि एकदम जोराने, शेवटपर्यंत फुंकायचे. असे निदान ३ चांगले प्रयत्न लागतात. मग पंपाचे औषध देऊन १५ मिनिटांनी पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेचे आकडे बरेच सुधारले, तर दम्याच्या निदानाला बळकटी येते.

शेवटी एक विनंती. गावाहून मुलांकडे राहायला आलेल्या आपल्या आई-वडिलांना तमिळ कळत नाही. तंत्रज्ञ "ऊदुंग, ऊदुंग" म्हणतो, म्हणजे "फुंका, फुंका", आणि हे बिचारे मध्येच थांबतात. अर्धवट फुंकीचा अहवाल दिशाभूल करतो. त्यांना घरीच समजावून सांगा आणि त्या दिवशी अर्धी रजा काढून सोबत जा.

गणपती बाप्पा मोरया!