शेवटच्या फेरीतील जागा



आम्ही बँकेतील कारकून, शिक्षण कला शाखेचे. अभियांत्रिकीच्या प्रवेशावर बोलण्याचा आम्हास काय अधिकार, असे कोणी विचारील. पण प्रवेशाच्या दिवसांत मुदत ठेव मोडायला पालक येतात ते आमच्याच खिडकीवर, आणि कशासाठी मोडतो तेही सांगतात. म्हणून बोलणे भाग आहे.

पहिल्या दोन फेऱ्यांत नाव लागले नाही की घरात जेवण गोड लागत नाही. वास्तविक सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत प्रक्रियेत, म्हणजे कॅपमध्ये, जागा अखेरपर्यंत हलत असतात. कोणी वैद्यकीयकडे जातो, कोणी वरचे महाविद्यालय मिळाले म्हणून हातची जागा सोडतो. ती पुढच्या फेरीत येते. ती काही उष्टी जागा नव्हे. वर्ग तोच, पदवीही तीच. मात्र पसंतीक्रमात चार नामांकित नावे लिहून स्वस्थ बसणाऱ्याला ती मिळत नाही. जेथे खरोखर जाण्याची तयारी आहे अशी जिल्ह्याबाहेरची नावेही लिहावीत.

कॅप संपल्यावर उरलेल्या जागा संस्था आपल्या पातळीवर भरतात. खरी मेख येथे आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी शासनाची शिष्यवृत्ती हवी तर प्रवेश कॅपमधून झालेला असावा लागतो. उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर शिष्यवृत्ती, वर असेल तर फ्रीशिप. अट दोन्हींना आहे. म्हणजे एकाच बाकावरील दोन मुलांपैकी एकाचे शुल्क शासन भरते आणि दुसऱ्याच्या बापाची ठेव मोडते! "स्कॉलरशिपचे नंतर बघू" असे कार्यालयात कोणी म्हणाले तर पैसे भरण्यापूर्वी ते लेखी मागावे. १९४४ साली सुरू झालेली ही मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आपल्या कित्येक घरांतील पहिल्या पदवीधराच्या मागे उभी होती. ती एका घाईच्या सहीने घालवू नये.

घाई तर होणारच, कारण अशा वेळी हाती दोन-तीन दिवस असतात. तेवढ्यात जात वैधता प्रमाणपत्र निघत नाही. त्याला महिने लागतात. बारावीला असतानाच महाविद्यालयामार्फत अर्ज करावा. उत्पन्नाचा दाखलाही तहसील कार्यालयातून आधीच काढून ठेवावा. कर्जाचेही तसेच. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही हे खरे, पण मंजुरीला वेळ लागतो, आणि आमच्या साहेबांच्या टेबलावर कागद किती दिवस पडतात हे आम्हास ठाऊक आहे.

कला व वाणिज्यची गोष्ट निराळी. तेथील रिकाम्या जागा बहुधा महाविद्यालयाच्या फलकावरच कळतात. पायी जाऊन विचारावे, लाजू नये.

संस्थेच्या कार्यकारिणीस एक विनंती. फेऱ्या चालू असतील तेवढे दिवस वाचनालयात संध्याकाळी एक संगणक आणि दोन जाणती मुले बसवावीत. रविवारी आम्ही स्वतः येऊ. विद्यार्थ्यांनी येताना फाईल आणावी, आणि आई-वडिलांपैकी एकाला सोबत आणावे.