मालकाच्याच घरातील बिऱ्हाड आणि अनामत रक्कम
(वार्षिक संमेलनातील भाषण)



शिष्यवृत्त्या, वधूवरसूचन, गुणवंतांचा सत्कार हे आपल्या संमेलनाचे नित्याचे विषय सोडून मी आज खोलीच्या अनामत रकमेविषयी बोलणार, याचे काहींस नवल वाटेल. परंतु या मंडपात खोल्या देणारे बसले आहेत, तसेच त्या खोल्यांत आपली मुले ठेवणारेही बसले आहेत. आणि दोहोंमधील अबोल्याचे कारण पुष्कळदा हीच रक्कम असते.

जालना १ मे १९८१ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला. बियाण्यांच्या कंपन्यांनी व पोलादाच्या कारखान्यांनी येथे नोकरदार आणले. २०१८ मध्ये मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा मराठवाडा परिसर सुरू झाल्यावर परगावचे विद्यार्थीही आले. कुंडलिकेच्या दोन्ही तीरांवर मालक खाली राहतो व माडीवरची खोली देतो, अशी घरे कितीतरी आहेत. त्यांपैकीच एका घरातील ही हकीकत.

परतूरकडील एका शेतकरी बांधवाने आपल्या कन्येसाठी ज्ञातीतीलच एका विधवा बाईंकडे खोली घेतली. कापूस विकून आलेल्या पैशांतून १५,००० रुपये अनामत रोख दिली. पावती मागितली नाही. आपल्याच माणसाकडे पावती कसली मागायची! वर्षाने मुलीने खोली सोडली तेव्हा बाईंनी रंगाचा, नळाचा, विजेचा असा हिशेब काढला आणि काही उरत नाही म्हणून सांगितले. गृहस्थ संकोचाने गप्प राहिले, पण पुढे एका लग्नाच्या पंगतीत पाठ फिरवून बसले. तेव्हा कोठे मला मध्यस्थीस बोलावण्यात आले. खरी गोष्ट एवढीच होती, की गळके छत दुरुस्त करण्यात ती रक्कम केव्हाच खर्ची पडली होती. बाई अप्रामाणिक नव्हत्या. दुसऱ्याची ठेव आपली समजून बसल्या होत्या. भिंतीचा रंग राहण्याने मळतो, त्याचा भार बिऱ्हाडकरूवर नाही, असे मी सांगितले. नळाचे ४०० व विजेचे ११०० वजा जाऊन उरलेले १३,५०० रुपये तीन हप्त्यांत फिटले.

आता कायद्याकडे वळू. मराठवाड्यात पूर्वी १९५४ चा हैदराबादचा घरभाडे कायदा चाले. त्याची जागा ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याने घेतली. त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा वा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि तो नोंदविण्याची जबाबदारी मालकावर असते. नुसता नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणी नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

परंतु येथे एक खोच आहे. मालक स्वतः राहतो त्याच घराचा भाग परवानगीने वापरणाऱ्यास हा अधिनियम ‘पेइंग गेस्ट’ म्हणतो, आणि ‘लायसन्सी’ या व्याख्येतून त्यास वगळतो. म्हणजे ज्या मुलांना आपण ‘घरगुती वातावरण आहे’ म्हणून निश्चिंतपणे ठेवतो, त्यांनाच या कलमाचा आधार खात्रीने मिळेल असे समजता येत नाही. त्यांची भिस्त १८७२ च्या करार कायद्यावर, म्हणजेच हातातील कागदावर. मुदतीपूर्वी खोली सोडल्यास सारी अनामत बुडेल, अशी अट काहीजण लिहून घेतात. त्या कायद्याचे कलम ७४ अशा ठिकाणी वाजवी भरपाईच मान्य करते, दंड म्हणून वाटेल ती रक्कम नव्हे.

केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा संमत केला. त्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, आणि जागेचा ताबा घेतानाच रास्त वजावट करून ती परत द्यावी, असे आहे. तो राज्यांपुढे ठेवलेला नमुना आहे, आपोआप लागू होणारा कायदा नव्हे; तरी रास्त काय याचे माप म्हणून तो दाखविता येतो. आणखी एक गंमत: लिव्ह अँड लायसन्सच्या करारावर मुद्रांक शुल्क आकारताना सरकारही परतीच्या अनामतीवर दरसाल दर शेकडा दहा व्याज धरते. ही रक्कम मालकाकडे निजून राहत नाही, हे सरकारने ओळखले आहे!

रक्कम बँकेतून वा मोबाईलवरून द्यावी, म्हणजे नोंद आपोआप राहते. खोलीत शिरताना भिंती, नळ, पंखा, विजेच्या मीटरचा आकडा यांची छायाचित्रे दोघांनी मिळून घ्यावीत, सोडताना पुन्हा. किल्ली दिल्याची तारीख लिहून घ्यावी. रक्कम न मिळाल्यास प्रथम घरी जाऊन बोलावे, नंतर स्पीड पोस्टाने मागणीपत्र धाडून पोच जपावी. दाव्याची मुदत सामान्यतः तीन वर्षांची असते, तेव्हा भिडेपोटी फार दिवस दवडू नयेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केल्यास दाव्यापूर्वीही लोकअदालतीत तडजोड होऊ शकते. तिचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो. स्त्रियांना तेथे विधी साहाय्य विनामूल्य मिळते.

मी एक एकपानी पावती तयार करून आणली आहे. तीत रक्कम, तारीख, मीटरचा आकडा, वजावटीच्या बाबी व परतीची मुदत यांच्या जागा मोकळ्या सोडल्या असून खाली दोघांच्या सह्या आहेत. दाराजवळच्या टेबलावर तिच्या प्रती ठेवल्या आहेत. त्या विधवा बाईंनी सकाळीच दोन प्रती नेल्या. माडीवर यंदा दोन मुली यावयाच्या आहेत.