धुऱ्यावरची बाभूळ
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या जिल्ह्यातले लोणार सरोवर २०२० साली जगातल्या महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत आले, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण मला बोलायचे आहे ते आपल्या वरवट बकालच्या धुऱ्याविषयी. त्याला कोणती यादी नाही. म्हणूनच की काय, दर वर्षी नांगर त्याचे एकेक तास खातो.

धुऱ्यावर बोर, बाभूळ असली म्हणजे कोतवाल पक्षी तेथे बसतो आणि तुरीवरच्या अळ्या टिपतो. हरभऱ्यात ज्वारीचे थोडे दाणे टाकतात तेही पाखरांना बसायला जागा व्हावी म्हणून. कपाशीच्या कडेला चवळी लावली की तिच्यावर मावा येतो, मावा खायला ढालकिडे येतात आणि पुढे तेच कपाशीवरचा मावाही फस्त करतात. चवळीवर मावा दिसताच पाठीला पंप लावणारा आपलेच राखणदार मारतो. (आमच्या घरी हे घडले आहे. नाव घेत नाही. ते मागे बसलेच आहेत!)

तणनाशकाचे दुखणे तर थेट आपले. निंदणाला गेलेली बाई ओटीत तरोटा, चिवळ घेऊन घरी येई. जिला शेत नाही तिची पावसाळ्यातली भाजी तीच. फवारा मारला की मजुरीही गेली आणि भाजीही. हा हिशेब कोणी मांडीत नाही.

आमच्या धुऱ्यापासून चार हात सोडून नांगर वळवायचे यंदा ठरले आहे. बाभळीचे बी मी शेळ्यांच्या गोठ्यातून वेचून आणले आहे. ते लवकर रुजते. हवे असेल तिने हळदीकुंकवाच्या वेळी मागून घ्यावे.