उलटं प्रश्नचिन्ह
स्पॅनिशमध्ये प्रश्नाच्या सुरुवातीलाच उलटं प्रश्नचिन्ह येतं. रॉयल स्पॅनिश अकादमीने १७५४ साली ते सुचवलं, आणि कारण अगदी रास्त होतं. या भाषेत विधान आणि प्रश्न यांचे शब्द पुष्कळदा तेच असतात. लांबलचक वाक्य वाचताना आवाज कुठून चढवायचा, हे आधीच कळायला हवं.

हे चिन्ह टाइप करायचं असेल, तर विंडोजवर नम लॉक सुरू करा, ऑल्ट दाबून धरा आणि उजवीकडच्या आकड्यांच्या कळांवर ०१९१ टाइप करा. ऑल्ट सोडलं की चिन्ह उमटतं. वरच्या ओळीतले आकडे इथे चालत नाहीत. उलट्या उद्गारचिन्हासाठी ०१६१. मॅकवर उलट्या प्रश्नचिन्हासाठी ऑप्शन, शिफ्ट आणि प्रश्नचिन्हाची कळ पुरते.

स्पॅनिश शिकणाऱ्यांनो, घाईत हे चिन्ह गाळू नका. प्रश्न वाक्याच्या मध्यावर सुरू झाला, तर तेही तिथेच द्यायचं.