दुष्काळाचा खर्च अंदाजपत्रकात कोठे लिहावा?

(दुष्काळ निवारण कमिटीच्या वार्षिक सभेत कमिटीच्या वतीने झालेले भाषण)



जमाखर्चाचा तक्ता छापून आपल्या हाती दिलाच आहे, तेव्हा तो वाचून दाखवून आम्ही आपला वेळ घेत नाही. आपले लक्ष एका निराळ्याच गोष्टीकडे वेधावयाचे आहे. हा तक्ता तयार करताना मागील वर्षांच्या वह्या पुढे घेतल्या, तेव्हा त्यांत तीच ती गावे फिरून फिरून आढळली. ज्या गावास एका उन्हाळ्यात आपण टँकरने पाणी पोहोचविले, त्यासच दोन वर्षांनी पुरात पडलेल्या घरांसाठी पत्रे दिले, आणि पुढे पुन्हा कडबा पाठविला. धर्म घडला ह्यात संशय नाही. परंतु त्या गावच्या ओढ्यावर एवढ्या अवधीत एक बंधारा झाला नाही. ह्यात कमिटीचीही चूक आहे, व ती आम्ही प्रथमच पदरी घेतो.

दुष्काळ म्हणजे पाऊस न पडणे, अशी आपल्या वडिलांची समजूत होती. आता तेवढ्याने भागत नाही. २०१६ सालच्या एप्रिलात लातूर शहरास मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतरावरून आगगाडीने पाणी न्यावे लागले, आणि त्याच वर्षी पावसाळा सरताना तेथे असा पाऊस कोसळला की कोरडे पडलेले मांजरा धरण भरून गेले. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. म्हणून मोठे खंड पडतात आणि जो पाऊस पडतो तो एकदम पडतो. मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग १९५० ते २०१५ ह्या काळात सुमारे तिपटीने वाढल्याचे शास्त्रज्ञांनी दाखविले आहे. आता, जो खर्च दर दोनचार वर्षांनी हटकून येतो त्यास ‘आकस्मिक’ म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर लिहिणारा मुनीम आपल्यापैकी कोणता शेठ पेढीवर ठेवील? सरकारच्या अंदाजपत्रकात मात्र असेच लिहिण्याची वहिवाट फार काळ चालत आली.

ह्या वहिवाटीचा इतिहास व्यापारी मंडळींनी ऐकण्यासारखा आहे. १८७६ ते १८७८ च्या घोर दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची हकीकत गोळा करून सरकारपुढे ठेवली. नंतर १८७८ साली सर जॉन स्ट्रेची ह्यांनी पुढील दुष्काळांसाठी दर साल दीड कोट रुपये निराळे काढण्याची योजना केली, आणि ते उभारण्यास व्यापारउदिमावर लायसन टॅक्स बसविला. सुरतेस त्यापायी दंगाही झाला. कर वसूल झाला. परंतु लगेच अफगाण युद्ध उद्भवले, हुंडणावळीचा तोटा पुढे आला, आणि १८७९ साली दुष्काळाची ती तरतूद बाजूस सारली गेली. पुढे ती पुन्हा सुरू झाली तरी तिचा पुष्कळसा पैसा रेल्वेकडे वळला. दादाभाई नौरोजींसारख्यांनी ह्यावर टीका केली. कायद्याच्या दृष्टीने पाहता दोष उघड दिसतो: कर कायद्याने बसविला होता, पण त्याचे उत्पन्न कोठे खर्चावे हे कायद्याने बांधलेले नव्हते. ते केवळ वचन होते.

ह्याच्या शेजारी दुसरा कर ठेवून पाहा. १९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर एका वेळी पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती. त्या अनुभवातून, वि. स. पागे ह्यांच्या पुढाकाराने, रोजगार हमीची योजना व पुढे १९७७ चा कायदा झाला; तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्याच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसला. शहरातल्या पगारदाराने व दुकानदाराने खेड्यातल्या मजुरासाठी भरावयाचा हा कर. परंतु ह्या वेळी स्वतंत्र निधी कायद्यानेच निर्माण केला, आणि काम मागणे हा मजुराचा हक्क ठरविला. ह्या योजनेतही खोट्या हजेऱ्या व अर्धवट पाझर तलाव पुष्कळ निघाले. तथापि ती टिकली, आणि २००५ साली सर्व देशासाठी झालेल्या कायद्यास तीच नमुना झाली. व्यवसाय कर भरताना आम्हीही कुरकूर करतो. पण लायसन टॅक्सची गोष्ट आठवली की कुरकूर थोडी कमी होते.

आता हवामानबदलाच्या काळाकडे येऊ. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे ४९ वे कलम सांगते की केंद्राच्या प्रत्येक खात्याने आपल्या वार्षिक अंदाजपत्रकात ह्या कामासाठी तरतूद करावी. राज्याच्या खात्यांसही तोच नियम लागू आहे. आपत्ती आल्यावर मदतीचा एक निधी, व ती येण्यापूर्वी तिचा जोर कमी करण्याचा दुसरा निधी, असे दोन निधीही त्या कायद्यात आहेत. पैकी राष्ट्रीय पातळीवरचा दुसरा निधी दहा वर्षे उलटली तरी स्थापन झाला नाही. २०१६ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळाच्या खटल्यात तो तीन महिन्यांत स्थापावा असा हुकूम केला. स्थापना झाली २०२१ च्या फेब्रुवारीत. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ ह्या पाच वर्षांसाठी राज्यांच्या ह्या दोन्ही कामांस मिळून १,६०,१५३ कोटी रुपये ठरविले. शंभरांतील ऐंशी मदतीस आणि वीस पूर्वतयारीस. वीस रुपये आम्हांस थोडे वाटतात, परंतु शून्यापेक्षा ते पुष्कळ बरे.

पूर्वतयारीचे फळ पाहावयाचे तर ओडिशाकडे पाहावे. १९९९ च्या चक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे मेली. त्याच वर्षी त्या राज्याने आपत्तीसाठी स्वतंत्र मंडळ काढले, किनाऱ्यावर निवारे बांधले, गावोगावी माणसे तयार केली. २०१३ साली फायलिन वादळ आले तेव्हा मृतांचा आकडा पन्नासाच्या आत राहिला. २०२०-२१ पासून ते राज्य अंदाजपत्रकाबरोबर हवामानाचे निराळे पत्रक मांडू लागले. त्यात योजनांपुढे दोन प्रश्न विचारलेले असतात: हवा बिघडल्यास ह्या पैशाचे किती नुकसान होईल, आणि ह्या पैशाने पुढील नुकसान किती टळेल? मुंबई महापालिकेनेही २०२४ साली असे पत्रक काढले. पत्रकाने पाणी अडत नाही हे खरे. परंतु पुराच्या पात्रात रस्ता बांधणाऱ्यास निदान लेखी उत्तर द्यावे लागते.

आपल्या जिल्ह्यात हे कोणी करावयाचे? पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा नियोजन समिती दर वर्षी जिल्ह्याची योजना ठरविते. प्रत्येक कामापुढे हे दोन प्रश्न लिहावे, असा अर्ज कमिटीने तयार केला आहे. त्यावर आपल्या सह्या हव्यात. व्यापाऱ्याची व बागायतदाराची सही तेथे वजनदार ठरते हे आपणांस ठाऊकच आहे. बागायतदार म्हणताना आमचीही मान थोडी खाली जाते, कारण ऊस आमच्याही शेतात उभा आहे आणि आमचीही बोअर शेजाऱ्याच्या विहिरीहून खोल गेली आहे. ही गोष्ट अर्जात घातली नाही. सभेत मात्र सांगितली पाहिजे.

दुसरी विनंती पैशाची. गेल्या खेपेस ओढ्यातील गाळ काढण्यास वर्गणी मागितली, तेव्हा कित्येक दात्यांनी कळविले की चाऱ्यास देऊ, गाळास नाही. त्यांचा हेतू आम्हांस समजतो. उपाशी गाय डोळ्यांस दिसते, अडलेले पाणी दिसत नाही. म्हणून यंदा सक्ती नाही, परंतु परवानगी मागतो: प्रत्येक वर्गणीचा पाचवा हिस्सा बंधारे, गाळ व विहिरींच्या पुनर्भरणासाठी निराळा ठेवू द्यावा, आणि चारा कितीही महाग झाला तरी कमिटीस त्यास हात लावता येऊ नये असा ठराव आजच्या सभेने करावा. ठरावाचा मसुदा अध्यक्षांपुढे आहे. खजिनदारांच्या मेजावर दोन वह्या ठेवल्या आहेत. ज्यांना आपला पाचवा हिस्सा चाऱ्यासच द्यावयाचा असेल त्यांनी दुसऱ्या वहीत नाव लिहावे, त्यांचीही वर्गणी तितक्याच आदराने घेतली जाईल.